वस्तादांचा घाम

“वस्ताद, मूठ आवळा,” मी म्हणालो.

त्यांनी आवळली. ती मूठ पाहिल्यावर आपण कुणाला काय सांगतोय हे माझ्या ध्यानात आलं. सिद्राम खोत म्हणजे मिरजेच्या काळ्या मारुतीच्या तालमीचे वस्ताद. वय साठीच्या पुढे, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, कान लढून लढून चुरगळलेले. तालमीच्या दगडी कट्ट्यावर ते पाय सोडून बसले होते. सकाळपासून पित्त उसळलंय म्हणून त्यांनी सोड्याची बाटली मागवली होती, ती शेजारी अर्धी पडली होती. सदरा पाठीला चिकटला होता आणि कपाळावरून निघालेली घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचली होती.

भोवती त्यांचे पठ्ठे उभे होते. जोर, बैठका, लढती सगळं उरकून, अंगावरची लाल माती तशीच ठेवून एकेकानं मला रक्त दिलं होतं. वस्ताद शेवटचे. मी त्या घामाकडे बघितलं, मग पोरांकडे बघितलं, आणि मिरजेत आल्यापासूनचा माझा पहिला यशस्वी विनोद केला.

“उभ्या जिल्ह्यात ज्यांच्या पाठीला कुणी माती लावली नाही, ते वस्ताद एवढ्याशा सुईला घामाघूम!”

तालीम खदखदून हसली. वस्तादही हसले. पंच्यानं तोंड पुसलं, मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाले, “काढा, काढा लौकर.”

मी मूळचा डोंबिवलीचा. मिरजेत येऊन वर्ष होत आलं तरी माझ्या बोलण्याला कुणी हसत नसे, माझ्याकडे बघून मात्र बरेच जण हसत. त्यामुळे तो विनोद मी दुपारी खाणावळीत सांगितला, रिक्षावाल्याला सांगितला, आईला फोन करून सांगितला. आई म्हणाली, बिचाऱ्यांना पाणी तरी द्यायचंस.

आता मी सुया घेऊन तालमीत काय करत होतो ते सांगायला हवं. माझं नाव हेरंब सबनीस. तेव्हा मी डॉक्टर होणार होतो, पण औषध देणारा नव्हे, नावाआधी लावायचा. मिरजेच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत माझं संशोधन चाललं होतं आणि विषय चांगला भारदस्त होता. हृदयविकाराचा झटका आला की हृदयाच्या स्नायूचा थोडाफार भाग मरतो, आणि त्यातून मायक्रोआरएनए नावाचे अतिसूक्ष्म तुकडे रक्तात उतरतात. भिंत कोसळली की गल्लीत धूळ उडते, तसंच. धूळ किती उडाली यावरून भिंत किती पडली हे सांगता येईल का, म्हणजे चमचाभर रक्तावरून झटका केवढा होता हे ओळखता येईल का, एवढंच मला शोधायचं होतं. माझ्या मार्गदर्शक होत्या डॉ. शमीम बारगीर. हृदयरोगतज्ज्ञ, आवाज हळू, नजर कडक. एरवी मला ‘हेरंब’ म्हणायच्या. ‘सबनीस साहेब’ म्हणाल्या की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

झटका आलेल्यांचं रक्त इस्पितळात मिळायचं. घोडं अडलं होतं ते निरोग्यांपाशी. तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. आमचे कारकून झाले, वॉर्डबॉय झाले, रुग्णांचे नातेवाईक झाले. ज्याला विचारावं त्याला एक तर साखर, नाही तर ब्लडप्रेशर, आणि उरलेल्यांना दोन्ही. तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिच्यापायी मी चार दिवस स्वतःचीच पाठ थोपटत फिरत होतो. पैलवान! पैलवानापेक्षा धडधाकट आणखी कोण असणार? मॅडमनी एवढंच बजावलं, की नुसती पोरं नकोत, वयानं मोठेही हवेत. म्हणून मग दोनचार जुने पैलवान घेतले आणि त्यांच्यात वस्ताद आले. त्यांना साखर होती, हे मी नीट लिहून घेतलं होतं आणि लगेच विसरलोही होतो.

वस्तादांनी मला पहिल्याच भेटीत पेलाभर बदामाची थंडाई पाजली आणि तालमीची रीत सांगितली. माती पायाला लागण्याआधी कपाळाला लागली पाहिजे. मारुतीला हात जोडून, माती डोक्याला लावून जो आखाड्यात उतरेल त्याला एक लढत द्यायचीच, मग तो कुणी का असेना. आणि या मातीत ज्याचं हाड मोडेल त्याला वस्तादानं स्वतः दवाखान्यात न्यायचं, शेजारी बसायचं, डॉक्टरनं हात धुतल्याशिवाय उठायचं नाही.

“परक्याचं पोर आपल्या भरवशावर मातीत उतरतंय,” ते म्हणाले. “ते एकटं दवाखान्यात गेलं, तर आपल्या वस्तादगिरीला आग लागली म्हणायची.”

स्वतः ते आता मातीत उतरत नसत. गुडघे गेले होते. कट्ट्यावर बसून तोंडानं कुस्ती करत, आणि ती कुस्ती खालच्या दोघांपेक्षा जोरात चालायची.

आठवड्याभरात आकडे आले. मी ते पाहिले, खुर्चीतून उठलो, परत बसलो, परत पाहिले. माझ्या यंत्राच्या मते काळ्या मारुतीच्या अख्ख्या तालमीला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. एकालाही सोडलं नव्हतं. जोतिराम लेंगरे हा वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा, पहाटे उठून दोराला लटकणारा, आणि त्याचा आकडा आमच्या अतिदक्षता विभागातल्या एका आजोबांच्याही वर होता.

शहाण्या माणसानं अशा वेळी मार्गदर्शकाला विचारलं असतं. पण मॅडम हैदराबादला परिषदेला गेल्या होत्या, आणि मी शहाणा नव्हतो. मी धावत तालमीत गेलो. जोतिराम छताजवळ दोराच्या टोकाला होता. मी खालून ओरडलो, की आहेस तसा थांब, दम खा, सावकाश उतर, तुझ्या हृदयाला धोका आहे. त्यानं वरून सरळ उडी मारली आणि विचारलं, “काय म्हणालात, सर?”

मग मी सगळ्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. आधी कुणाचा विश्वास बसेना. नंतर बसला, आणि तो फार वाईट प्रकार झाला. एकाची आई पदर तोंडाला लावून तालमीत आली. एकानं भिंतीला टेकून बसल्या बसल्या आपली नाडी मोजायला सुरुवात केली आणि ती त्याला सापडेना. वस्तादांनी टेम्पो मागवला, सगळ्यांना त्यात कोंबलं आणि आमच्या इस्पितळात आणलं. एकेकाचा ईसीजी निघत गेला. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसरा उत्तम. तंत्रज्ञाचं छातीला लावायचं जेल संपलं, ते दुसऱ्या मजल्यावरून आणलं, तरी सगळे उत्तमच. वस्ताद बाहेर बाकावर बसून होते. मी त्यांना म्हटलं, तुमचाही काढू या. ते म्हणाले, “मला काय धाड भरलीया? पोरांचं बघा.” तोवर इतके उत्तम ईसीजी निघाले होते, की आग्रह करायला माझ्याकडे तोंडच उरलं नव्हतं.

मॅडम परतल्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, रक्त व्यायामाआधी घेतलं की नंतर? मी म्हणालो, नंतर, कारण तेव्हा सगळे एका जागी सापडतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग समजावून सांगितलं, की मी मोजत होतो त्यातले बरेच तुकडे हृदयाच्या स्नायूत असतात तसे हातापायांच्या स्नायूतही असतात. माणसानं अंग मोडेस्तोवर व्यायाम केला की तेही रक्तात उतरतात. माझ्या गल्लीतली धूळ खरी होती, फक्त भिंत दुसऱ्याच घराची होती.

“सबनीस साहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हृदय मोजलं नाहीत. तुम्ही बैठका मोजल्यात.”

हे मी तालमीत जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘झटकेवाले सर’ पडलं. मी दिसलो की कुणी तरी छातीवर हात ठेवून मातीत कोसळायचं आणि बाकीच्यांनी त्याला वारा घालायचा. कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा मला चहा देताना विचारी, प्यायला हरकत नाही ना? मीही हसत असे. न हसून सांगतो कुणाला!

मॅडमनी सांगितलं, आता तेच काम नीट करा. त्याच माणसांना काही दिवस विश्रांती द्या, सकाळी उठल्या उठल्या रक्त घ्या आणि आधीच्या आकड्याशेजारी मांडा. पोरं कुरकुरत तयार झाली. यात्रेतल्या कुस्त्यांना अजून वेळ होता, आणि चार दिवस झोपायला कुणाला नको असतं? वस्ताद मात्र नाही म्हणाले.

“मला नगं. मी कुठं बैठका मारतोय?”

मला ते पटलं. पटलं म्हणजे अगदी बिनडोकपणे पटलं. मी त्यांना नमस्कार केला आणि बाकीच्या नळ्या घेऊन निघालो.

दुसरे आकडे आले तेव्हा मी खुशीत होतो. संगणकावर प्रत्येकाचा पहिला ठिपका वर, दुसरा खाली, आणि दोघांना जोडणारी रेघ. सगळ्या रेघा उतरत्या. जोतिरामची तर घसरगुंडीच. मॅडमना दाखवायला म्हणून मी आलेख नीट रंगवत बसलो, आणि वर एक ठिपका एकटाच उरलेला दिसला. त्याला रेघ नव्हती, कारण त्याचा दुसरा ठिपकाच नव्हता. तो वस्तादांचा. चांगला वर होता, पोरांच्या बरोबरीनं.

मी म्हटलं, ह्यांच्याही बैठकाच. आणि मग त्यांचं वाक्य मला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. मी कुठं बैठका मारतोय?

बैठका मारल्या नाहीत, जोर काढले नाहीत, वर्षानुवर्षं मातीत पाय ठेवला नाही. मग रक्तातली ती धूळ कुठल्या भिंतीची? त्या सकाळचं पित्त आठवलं. सोड्याची बाटली आठवली. पाठीला चिकटलेला सदरा, नाकाच्या शेंड्यावरचा घाम, आणि त्यावर मी मारलेला माझा तो एकुलता एक विनोद. माझ्यासमोर माणसाला झटका येत होता आणि मी पोरांना हसवत होतो.

मॅडमनी आलेख बघितला आणि त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. साखर आहे का विचारलं. मी हो म्हणालो.

“साखरवाल्यांच्या छातीत धड दुखतही नाही कधी कधी. पित्त वाटतं, घाम येतो, आणि आत व्हायचं ते होऊन जातं,” त्या म्हणाल्या. “त्यांना इथे आण, हेरंब. हृदय किती उरलंय ते बघायला हवं. दुसरा झटका आला तर कदाचित आणायची वेळच येणार नाही.”

त्यांनी स्वतः फोन केला. वस्ताद अदबीनं बोलले, “येतो की मॅडम, यात्रा उरकली की येतो,” म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग मी गेलो. मी दारात दिसताच जोतिरामनं छाती धरून लोळण घेतली. मी न हसता कट्ट्यापाशी गेलो आणि होतं तसं सगळं सांगितलं. पोरांना वाटलं, हा नवा अंक.

“सर,” वस्ताद म्हणाले, “एकदा माझ्या पोरांच्या आया रडवल्या तुमी. आता माझी बायकू रडवायची हाय व्हय?”

तालीम हसली. वस्तादांनी मला थंडाई दिली. ती आणायला ते स्वतः उठले होते, आणि उठताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि अर्ध्यातच थोडा वेळ तसेच थांबले. पोरांनी ते पाहिलं असेल तर त्यांना गुडघे वाटले असतील. मी मात्र थंडाईचा पेला तसाच कट्ट्यावर ठेवला. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार होता, आणि त्याला ते पटवून देणारा सगळ्या मिरजेत एकच इसम होता, ज्याच्यावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. गावात माझ्याखेरीज दुसरं एक माकडही होतं म्हणतात, पण ते निदान उड्या तरी चांगल्या मारायचं.

परतीच्या वाटेवर मला तालमीची रीत आठवली. मातीत हाड मोडेल त्याला वस्तादानं स्वतः दवाखान्यात न्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅडमिंटनची अर्धी चड्डी घालून तालमीत हजर झालो. माझं वजन तेव्हा पाठीवरच्या दप्तरासकट पन्नास किलो असेल. मी मारुतीला हात जोडले, चिमूटभर माती डोक्याला लावली आणि आखाड्यात उतरलो. जोर काढणारी पोरं उठून बघायला लागली.

“सर, ह्ये काय?” वस्तादांनी विचारलं.

मी म्हणालो, माती डोक्याला लावून उतरलोय, लढत द्या. रीत त्यांचीच होती. ते काही वेळ माझ्या पायांच्या काड्यांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी जोतिरामला डोळ्यांनीच सांगितलं, की जपून.

माझा डाव सोपा होता. पडायचं आणि हात मोडला म्हणून ओरडायचं. पडण्याची तयारी करावी लागणार नव्हती. ओरडण्याची मी न्हाणीघरात केली होती. जोतिरामनं मला कमरेला धरून उचललं आणि बारशाचं बाळ पाळण्यात ठेवावं तसं मातीवर ठेवलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. वस्तादांनी मला कट्ट्यापाशी बोलावलं, मनगटापासून खांद्यापर्यंत अंगठा फिरवला आणि निकाल दिला, “हाड शाबूत हाय. आवाज झकास हाय.”

हसण्याचा असा काही लोट उठला, की बाहेर चहावालाही येऊन डोकावून गेला. मी तिथे चड्डीतली माती झटकत उभा होतो आणि मला खरंच राग आला. त्यांच्या हसण्याचा नव्हे, हसण्याची मला सवय झाली होती. वस्तादांचा राग आला. एवढा मोठा माणूस, आणि मरायला निघालाय तो नुसता हट्टापायी. मी आखाड्यात परत गेलो, डोकं खाली घातलं आणि होता नव्हता तो जोर लावून जोतिरामवर धावून गेलो.

जोतिराम भला माणूस. मला लागू नये म्हणून तो बाजूला झाला. मी पुढे गेलो. माती जिथे संपते तिथे कट्टा सुरू होतो, आणि तो दगडी आहे.

ऊस मोडावा तसा आवाज झाला. प्रतिस्पर्ध्यानं हातसुद्धा न लावता आडवा झालेला दुसरा पैलवान कुठे असेल तर मला त्याला भेटायची इच्छा आहे. या वेळी मी ओरडलो नाही, श्वासच येईना. डोळे उघडले तेव्हा वस्ताद माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले होते. कट्ट्यावरून उतरून ते मातीत आले होते. त्यांनी माझ्या गळ्याखालच्या हाडावर अलगद अंगठा ठेवला.

“मोडलं,” ते म्हणाले, आणि या वेळी कुणीही हसलं नाही. “रिक्षा बोलवा. मी जातो संगं.”

त्या गोष्टीला आता बारा वर्षं होत आली. ते हाड अजूनही नीट बसलेलं नाही, डाव्या खांद्यावर पिशवी टिकत नाही. पण त्या रिक्षात मला जितकं दुखत होतं तितका आनंदही होत होता. जोतिराम पुढे रिक्षावाल्याजवळ बसला होता. खड्ड्यांचे हिसके बसू नयेत म्हणून वस्तादांनी आपला हात माझ्या पाठीमागून घालून मला आवळून धरलं होतं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर मात्र ते मध्येच थांबले. कठडा धरला. कपाळावरून तीच धार निघाली आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबली. मी जोतिरामला केसपेपर काढायला पिटाळलं.

आत मॅडम होत्या. त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि मग वस्तादांकडे पाहिलं.

“आधी यांचा ईसीजी,” मी म्हणालो.

“आधी ह्येंचं हाड,” वस्ताद म्हणाले.

मी मोडलेल्या बाजूचा हात चांगल्या हातानं छातीशी धरला आणि मागे सरकलो. “मी कुणाला हात लावू देणार नाही. डॉक्टरनं हात धुतल्याशिवाय उठायचं नाही, ही तुमची रीत आहे ना, वस्ताद? मग बसा. मी संध्याकाळपर्यंत असाच बसतो. उद्यापर्यंत बसतो. तुम्ही आडवे झाल्याशिवाय माझं हाड कुणी बसवायचं नाही.”

हे बोलताना मी रडत होतो. हाडामुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

वस्तादांनी आजूबाजूला पाहिलं. जोतिराम खिडकीपाशी रांगेत होता. तालमीतलं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी डोक्याचा फेटा उतरवला, माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच मॅडमना विचारलं, “कुठं झोपू?”

ईसीजीचा कागद बाहेर आला तेव्हा मॅडमनी तो माझ्यासमोर धरला. सोनोग्राफीत दिसलं, की हृदयाची एक भिंत हलायचीच थांबली होती. माझ्या शोधनिबंधात मी ती भिंत इतक्या वेळा पाडली होती, पण खरी पडलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. एक रक्तवाहिनी बंद झाली होती आणि दुसरी बंद व्हायच्या बेतात होती. त्याच आठवड्यात वस्तादांची बायपास झाली. मोडलेलं हाड जागेवर राहावं म्हणून पाठीला आठाच्या आकड्यासारखा पट्टा बांधून मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलो होतो. अख्खी तालीम जमिनीवर बसली होती. कुणीही छातीवर हात ठेवून पडलं नाही. जोतिराम मला एकदाच म्हणाला, “सर, मी बाजूला व्हायला नको होतं,” आणि मी त्याला म्हणालो, तू बाजूला झालास म्हणून तर.

वस्तादांना वॉर्डात हलवून तीनचार दिवस झाले, तेव्हा एका दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. छातीवर मोठी पट्टी, डोक्याशी हिरव्या रेघेचा मॉनिटर. मला बघून त्यांनी खुर्चीकडे हात केला. मी बसलो आणि म्हणालो, त्या सुईच्या विनोदाबद्दल मला माफ करा.

त्यांनी छातीवरच्या पट्टीवर अलगद हात ठेवला.

“त्या दिशी छातीत दुखत हुतं,” मग म्हणाले. “सोडा पिऊन दबतंय का बघत हुतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“समोर समदी पोरं उभी. मी आडवा झालो, तर त्यांनी कुणाकडं बघायचं? तुमी सुईचं काढलं, बरं वाटलं. झाकलं गेलं.”

मी विचारलं, मग मी आखाड्यात उतरलो ते कशासाठी, हे त्यांना कळलं होतं का?

“न कळायला काय झालं? पयल्यांदा वरडलात तर हाड शाबूत. दुसऱ्यांदा गडी सोडून कट्ट्यावर धावलात. असला डाव उभ्या जन्मात बघितला न्हाई मी.”

“तरी आलात?”

ते छताकडे बघत राहिले. “यायचंच हुतं रं मला. रोज सकाळी उठताना वाटायचं, आज जावं. पर काय सांगून जायचं? वस्ताद घाबरला म्हणून? कुणाचं तरी हाड मोडायची वाट बघत हुतो म्हण की.” मग माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, “तुझं मोडलं. बरं झालं.”

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता.

तेवढ्यात सिस्टर तबक घेऊन आल्या. मॅडमनी वस्तादांचं रक्त मागवलं होतं, माझ्या आलेखातल्या त्या दुसऱ्या ठिपक्यासाठी. माझा एक हात बांधलेला, म्हणून काढणार सिस्टर.

“वस्ताद, मूठ आवळा,” मी सवयीनं म्हणालो.

त्यांनी एका हाताची मूठ आवळली, दुसऱ्या हातानं माझा चांगला हात घट्ट पकडला आणि मान भिंतीकडे वळवली. डोळे गच्च मिटले. सुई अजून कागदातून बाहेरही निघाली नव्हती.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या कपाळावर घाम फुटला. धार निघाली, नाकाच्या शेंड्यापर्यंत आली. मी झटकन मॉनिटरकडे पाहिलं. हिरवी रेघ अगदी शिस्तीत चालली होती. सिस्टर गालात हसत म्हणाल्या, आजोबांचं रोजचंच आहे, सुई दिसली की असं होतं.

“हसायचं न्हाई,” वस्ताद भिंतीला म्हणाले.

पण मी हसलो. हसताना ते हाड असं काही दुखलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी हात सोडला नाही म्हणून तोही दुखत राहिला.